पुराचे पाणी आणि प्रवासी

नर्मदातीरीच्या जबलपूर शहरी पावसाळ्यात गेलेल्या प्रवाशास कधीकधी एक नवल दिसते : आकाश निरभ्र असते, पण ग्वारीघाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. याचे कारण असे, की हे पाणी नदीच्या वरच्या अंगास, मंडला व दिंडोरी या डोंगराळ भागांत पडलेल्या पावसाचे असते. बरगी धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे त्यात आणखी भर पडते. पुढे भेडाघाटास संगमरवरी कड्यांमधील घळ अरुंद आहे. तेथे पाणी तुंबून इतके चढते, की धुवांधार धबधबाही दिसेनासा होतो.

अशा पाण्याचे बळ पाहून कळत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसास पाडू शकते. मोटारीस तिचे वजन तारीत नाही. ती जितके पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. सुमारे ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात.

तेव्हा प्रवाशाने वरच्या अंगाच्या पावसाची वार्ता घ्यावी, धरणाचा इशारा मिळताच घाट सोडावा आणि फरशीपुलावरून पाणी वाहत असल्यास ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. मुक्कामी उशिरा पोहोचण्यात हानी थोडी आहे.