विचारणारा माणूस

शेतात राबणारे दोन तऱ्हेचे असतात. एक सालगडी. त्याचे वर्षाचे ठरलेले असते. दुसरा रोजाने जाणारा. काम मिळाले तर पैसा, नाही तर घरी बसायचे. वर्तमानपत्रात लिहिणारांचेही असेच आहे. काहीजण एका पत्राच्या कचेरीत नोकरी करतात आणि महिन्याचा पगार घेतात. काहीजण कोणाची नोकरी करीत नाहीत. आपल्या मनाने हिंडतात, पाहतात, लिहितात. जो छापील त्याला लेख देतात. छापला तर पैसे. अशांना मुक्त पत्रकार म्हणतात. मुक्त म्हणजे मोकळा. मोकळा खरा, पण पुष्कळदा खिसाही मोकळाच असतो!

अशा एका पत्रकाराची हकिकत आज आपण वाचू. त्यांचे नाव डॉक्टर अनिल अवचट. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात ओतूर हे गाव आहे. तेथे १९४४ साली त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिकून ते डॉक्टर झाले. पण डॉक्टरकीत त्यांचे मन रमले नाही. बिहारमध्ये पूर्णिया नावाचा जिल्हा आहे. तिकडची गरिबी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि लिहून काढली. १९६९ साली त्याचे पुस्तक झाले. पुढे लिहिणे हेच त्यांचे काम झाले.

आता तुम्ही विचाराल, मग घर कसे चालायचे? त्यांच्या पत्नी अनिताबाई. त्याही डॉक्टर, मनाच्या आजाराच्या. त्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी केली. बाईंनी कमवावे आणि यांनी लिहावे, असे दोघांनी मिळून ठरविले. घरचे काम, दोन मुलींचे करणे, यात अवचट मागे राहिले नाहीत. बायकोच्या जिवावर खातो, असे म्हणायला लोकांना काय लागते? आम्हाला तर वाटते, अनिताबाईंनी हा भार उचलला नसता तर पुढची पुस्तके झालीच नसती.

अवचटांनी लिहिले कोणाविषयी? पुढाऱ्यांविषयी फारसे नाही. हमाल, विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, देवाला सोडलेल्या मुली, यांच्याविषयी लिहिले. निपाणीला तंबाखूच्या वखारी. तेथे बाया तंबाखू चाळीत. चाळताना धूळ उडते. ती नाकात जाते, डोळ्यांत जाते, ठसका लागतो. तोंडाला फडके बांधले तरी ती थांबत नाही. सांगलीला हळदीचा मोठा बाजार. आपण कपाळाला हळद लावतो, भाजीत घालतो. पण ती दळताना, निवडताना कोणाचे काय होते, हे आपण कधी विचारले? अवचटांनी विचारले. किती तास काम? मजुरी किती? आजारी पडलात तर काय करता?

आम्ही शाळेत सारा जन्म प्रश्न विचारण्यात घालविला. पण मास्तरच्या प्रश्नाचे उत्तर मास्तरला आधीच ठाऊक असते. अवचटांचे तसे नव्हते. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचे असे. म्हणून माणसे त्यांच्याशी बोलत. आणि ऐकले ते त्यांनी साध्या भाषेत लिहिले. ‘माणसं’ हे त्यांचे पुस्तक आता तुम्हीही हळूहळू वाचू शकाल.

असे दुःख रोज पाहून माणूस खचत नाही का? अवचटांना छंद फार होते. चित्रे काढीत. लाकूड कोरून मूर्ती करीत. बासरी वाजवीत. स्वयंपाकाचीही हौस होती. आणि कागदाच्या घड्या! या कलेला जपानी भाषेत ओरिगामी म्हणतात. ओरि म्हणजे घडी घालणे आणि कामी म्हणजे कागद. कात्री नाही, डिंक नाही. एक चौकोनी कागद घ्यायचा आणि नुसत्या घड्या घालायच्या. त्यातून पक्षी होतो, मोर होतो, गणपतीसुद्धा होतो. पोरे भोवती जमली की यांचे हात चालू! या छंदांवरही त्यांनी ‘छंदांविषयी’ असे पुस्तक लिहिले. काहींना हे पोरखेळ वाटतील. आम्हाला तसे वाटत नाही. दिवसभर नांगर धरणारा गडी रात्री भजनात टाळ धरतो, त्याला आपण पोरखेळ म्हणतो काय?

१९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात गर्द नावाचे विष पसरले. ती तपकिरी पूड असते. तिचा धूर ओढतात. एकदा सवय लागली की ती मिळाली नाही तर अंग मोडते, जीव तळमळतो. मग पोरगा घरातली भांडी विकतो, चोरी करतो. अवचट अशा पोरांपाशी बसले, त्यांच्या आईबापांना भेटले आणि वर्तमानपत्रात लेख लिहिले. लेख वाचून पुष्कळजण हादरले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी तर आपणहून पैसे पुढे केले. त्यातून १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसन सोडविण्याचे केंद्र सुरू झाले. लिहिणारे अवचट, पण रोगी सांभाळणाऱ्या अनिताबाई. व्यसन हा आजार आहे, मारून तो जात नाही, असे धरून त्यांनी काम केले.

अनिताबाई १९९७ साली कर्करोगाने वारल्या. अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यास वारले. मुक्तांगण चालू आहे. गर्दवालेच नव्हेत, दारू सोडायला निघालेले खेड्यापाड्यांतले लोकही तेथे जातात.