कुंपण वेगळं, जागा वेगळी

अगं, लेकाचा घोळ तू फोनवर सांगितलास तेव्हाच माझ्या लक्षात आला. सूत्रं त्याला दोन्ही पाठ आहेत, गुणाकारही चुकत नाहीत. तरी 'परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढणारच' असं तो छातीठोक सांगतो आणि तू त्याला पुन्हा दहा वेळा सूत्र लिहायला बसवतेस. ते आधी थांबव. पाचवीच्या बालभारतीच्या पुस्तकात परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच धड्यात येतात, म्हणून मुलांना ती जुळ्या भावंडांसारखी वाटतात: एक मोठं झालं की दुसरंही झालं.

त्याच्यावर चिडू तर मुळीच नकोस. लिपिंग मा या गणितशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. एक विद्यार्थी असा दावा घेऊन आला तर तुम्ही काय कराल? १९९९ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातल्या काही शिक्षकांनी तो दावा चक्क मान्य केला होता. मग दहा वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलीस!

आणि त्याचं म्हणणं अर्धं खरंही आहे, हे त्याला पहिल्यांदा सांग. रुंदी तेवढीच ठेवून लांबी वाढवली तर दोन्ही वाढतात. त्याने आजवर तेवढंच पाहिलंय. आता त्याला विचार, एक बाजू वाढवताना दुसरी कमी केली तर?

उल्हासनगरला जपानी बाजारात जाशील तेव्हा त्याला बरोबर ने. कापड आणि लेस दोन्ही मीटरवर मिळतात, पण कापडाला पन्हा असतो, लेस नुसती लांब. कापडाचा पन्हा त्याच्या हाताने मोजून घे. मग घरी हिशेब मांडा. १ मीटर बाय १ मीटरचा टेबलक्लॉथ केला तर कडेला लेस लागेल ४ मीटर. २ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद केला तर लेस ५ मीटर. कापड दोन्हीकडे १ चौरस मीटरच. कापड तेवढंच असताना लेस का वाढली, हे त्याला स्वतःला शोधू दे. तू घाईने उत्तर देऊ नकोस, तेवढा वेळ गप्प बसणं आपल्याला फार जड जातं.

मग काड्या घ्या. तुमच्या अंबरनाथच्या विम्को नाक्याला नावच मुळी काडेपेटीच्या कारखान्यावरून पडलं, तेव्हा काड्याच बऱ्या! फक्त बिनगुलाच्या, क्राफ्टच्या दुकानातल्या आण. २४ काड्या मोजून दे आणि सांग, सगळ्या वापरून आयत कर, एकही उरता कामा नये. ११ बाय १ केला तर आत ११ चौकटी बसतात. १० बाय २ ला २०, ९ बाय ३ ला २७, ८ बाय ४ ला ३२, ७ बाय ५ ला ३५. ६ बाय ६ ला ३६. चौरसही आयतच, हे तेव्हाच सांगून टाक, नाहीतर तो ६ बाय ६ करणारच नाही. कुंपण प्रत्येक वेळी २४ काड्यांचंच आणि आतली जागा ११ पासून ३६ पर्यंत. आता आणखी ४ काड्या दे आणि १२ बाय २ करायला लाव. परिमिती २८ झाली, म्हणजे वाढली. क्षेत्रफळ मात्र २४, ६ बाय ६ पेक्षा कितीतरी कमी. त्याचा नियम इथे त्याच्याच हाताने मोडतो. तू तोंडाने मोडू नकोस.

जमीन म्हटली की मुलांचे कान टवकारतात, कारण घरात तेच बोलणं चाललेलं असतं. बदलापूरच्या आसपास प्लॉट गुंठ्यावर विकतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. कुंपणवाला मात्र पैसे लावतो रनिंग फुटावर. चौरस गुंठ्याला कुंपण १३२ फूट. तोच गुंठा ९९ बाय ११ चा निघाला तर कुंपण २२० फूट. जमीन एक इंचही जास्त नाही आणि तारेचं कुंपण ८८ फुटांनी वाढलं. नवीन फ्लॅटमध्ये लादी चौरस फुटावर आणि तिची स्कर्टिंग रनिंग फुटावर का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. सेंटिमीटर आणि चौरस सेंटिमीटर यांची उत्तरात होणारी अदलाबदलही इथेच सुटते.

थोडा मोठा झाला की त्याला 'लीलावती'तली एक गंमत सांग. भास्कराचार्य, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांनी ११५० च्या सुमारास बजावलंय की चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आणि ते सांगणारा त्याहून मोठा! चारही बाजू २५ च्या असल्या तरी क्षेत्रफळ ६२५ येईल, ६०० येईल, ३३६ सुद्धा येईल, हेही त्यांनी करून दाखवलं. तिथे चौकोन तिरका होतो, आपल्या आयतात फक्त लांबी-रुंदी बदलते. पण कडेवरून आतली जागा ठरत नाही, हे दोन्हीकडे खरं.

स्कॉलरशिपला अजून अवकाश आहे. या रविवारी काड्या आणि चौकटीची वही घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बस, आणि सूत्रांची वही त्या दिवशी दप्तरातच राहू दे.