दवाखान्यातलं संशोधन: खर्च किती आणि कशावर?

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर छोटा दवाखाना किंवा संस्थेचं आरोग्य केंद्र चालवता आणि भागातल्या एखाद्या आजाराचा रीतसर अभ्यास करायचा आहे? मग अनुदानामागे धावण्याआधी प्रश्न नेमका करा. खर्च त्यावरच ठरतो. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचा एकच प्रश्न धरला. त्यावरच्या प्राझोसिन या औषधाचं त्यांचं काम १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं.

भागीदार कोण?
ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू आहे. पडव्याला खासगी महाविद्यालय आहे. यांपैकी एकाच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात आधी जा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आयसीएमआरच्या अल्पकालीन योजनेतून दोन महिन्यांच्या कामासाठी विद्यावेतन मिळू शकतं. अर्ज विद्यार्थ्याचा, मार्गदर्शक महाविद्यालयाचा. तुमच्या खात्यात यातलं काही येत नाही.

फुकट काय?
सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी आणि माहितीच्या विश्लेषणाचं 'एपी इन्फो' हे सॉफ्टवेअर. नैतिक समितीचं शुल्क मात्र संस्थेगणिक बदलतं. ते आधीच लेखी विचारा. जुने केसपेपर चाळायचे असले तरी समितीकडे जावंच लागतं.

पैसा कुठे जातो?
माणसांच्या वेळात. समजा, मच्छीमारांत उच्च रक्तदाब किती, हे शोधायचंय. ९५ टक्के खात्री आणि १० टक्के इकडे-तिकडे चालत असेल, तर साध्या सूत्राने ९६ माणसं पुरतात. ५ टक्क्यांवर यायचं तर ३८४. एका भेटीला ४० मिनिटं आणि तपासणाऱ्याला रोज आठ तासांचे ६०० रुपये धरले, तर:

- ९६ माणसं: ८ दिवस, ४,८०० रुपये
- ३८४ माणसं: ३२ दिवस, १९,२०० रुपये

अचूकता दुप्पट, खर्च चौपट! वाड्या निवडून तपासणी केली तर आकडा आणखी वाढतो. प्रवास, बीपी मशीनची तपासणी, मराठी संमतीपत्रांची छपाई आणि घरी न सापडलेल्यांकडे दुसरी फेरी वेगळी धरा. आशाताईंचा वेळ फुकट समजू नका.

वेळ कोणती?
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तेव्हा खलाशी घरी सापडतात. पाऊस मात्र सोसावा लागेल. गणपतीत टाळा, चाकरमानी आल्याने गावाचं चित्र बदलतं.

करारात काय हवं?
पैसे कोण देणार, माहिती कोणाकडे राहणार, शोधनिबंधावर दवाखान्यातल्या कोणाचं नाव येणार. तपासणीत बीपी वाढलेला कोणी सापडला, तर त्याच्या उपचारांची सोय कुठे, हेही लिहा. परदेशी निधी असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीच्या परवानग्या लागतात. पहिला अभ्यास देशी पैशातच करा. ९६ माणसांचा हिशोब नीट जमला, की ३८४ चा प्रस्ताव घेऊन अनुदान मागायला जा.