टॉन्सिलनंतरचे दुखणे आणि औषधाची वेळ

टॉन्सिल काढलेल्या मुलांना वेदनेसाठी कोडीन देण्याची रीत पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ रूढ होती आणि ती मोडली जाण्यास काही बालकांचे मृत्यू कारणीभूत ठरले. कोडीन हे अफूवर्गीय वेदनाशामक असून यकृतातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे मॉर्फीनमध्ये रूपांतर करते. काही मुलांत हे विकर जन्मतःच अतिवेगाने काम करत असल्यामुळे नेहमीच्या मात्रेनेही रक्तातील मॉर्फीन वाढते आणि श्वास मंदावतो. झोपेत श्वास अडतो म्हणून ज्यांचे टॉन्सिल काढले जातात, त्या मुलांना हा धोका विशेष असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कोडीनविषयी कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉलही १८ वर्षांखालील मुलांना निषिद्ध ठरवले.

बहुतेक मुलांना पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांच्या संमतीने आयबुप्रोफेन पुरते; ते पुरत नाही असे वाटते तेव्हा अनेकदा औषधाची वेळ टळलेली असते. पहिल्या दिवशी मूल हसतेखेळते दिसल्याने पालक निर्धास्त होतात, परंतु दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा उसळते, आणि रडू आल्यावरच औषध द्यायचे ठरवलेले असेल तर तोवर मुलाने पाणी पिणेही सोडलेले असते. घसा कोरडा पडला की दुखणे आणखी वाढते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस घड्याळ लावून, डॉक्टरांनी सांगितले असल्यास रात्री उठवूनही, औषध द्यावे. याच काळात कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची संवेदना वाहणारी एक नस सामाईक आहे. घशातला पांढरट थर जखम भरतानाचा असतो, पू नव्हे.

मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते, आणि घात होतो तो बाटलीवर. पॅरासिटामॉलच्या ५ मिलिलिटर सिरपमध्ये कुठे १२० तर कुठे २५० मिलिग्रॅम औषध असते. १६ किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे २४० मिलिग्रॅम लागतात, ते पहिल्या बाटलीतून १० मिलिलिटर होतात. दुसऱ्या बाटलीतून तेवढेच घेतले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. घरातल्या चमच्याऐवजी खुणांची सिरिंज वापरावी, आणि पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेले सिरप चालू असताना पॅरासिटामॉल वेगळे देऊ नये. ॲस्पिरिन टाळावेच.

पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटते. तेव्हा तोंडातून ताजे लाल रक्त आले, किंवा मूल झोपेत वारंवार काहीतरी गिळत राहिले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.