दहा हजारांत सुटका होत नाही

‘दहा हजार भर आणि मोकळा हो.’ दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडलेल्या माणसाला पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो, आणि तोच सगळ्यांत महाग पडतो. सिग्नल तोडला किंवा हेल्मेट घातलं नाही, तर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला ती सोय नाही. हा फौजदारी खटला आहे आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो. लोकअदालतीतही त्यात तडजोड होत नाही.

कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याहून जास्त भरलं की गुन्हा. झोक जात नव्हता, बोलणं स्पष्ट होतं, घर दोन गल्ल्यांवर होतं, या गोष्टींनी आकडा बदलत नाही. गाडी चालवायचा नुसता प्रयत्न केला तरी हे कलम लागू शकतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मित्र प्यायलेला आहे हे दिसत असून त्याच्या हाती किल्ली देणाऱ्यानेही सावध राहावं. या गुन्ह्याला मदत किंवा चिथावणी देणाऱ्याला कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे.

आता खरा खर्च पाहू. दोष सिद्ध झाला की न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावं, असं कलम २० सांगतं. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, त्या टॅक्सी, टेम्पो किंवा ट्रकचालकाच्या घरात सहा महिने कमाई येत नाही. त्यापुढे दहा हजारांचा दंड किरकोळ आहे. या काळात ‘जवळच तर जायचंय’ म्हणून गाडी काढली, तर तो वेगळा गुन्हा होतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा आणखी १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

विम्याचा फटका याहून मोठा बसू शकतो. मद्याच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान बहुतेक पॉलिसींच्या अटींतच वगळलेलं असतं. रक्ताचा अहवाल नाही म्हणजे विमा कंपनीला काही सिद्ध करता येणार नाही, या भरवशावर राहू नका. इतर परिस्थितीवरूनही कंपनी मद्याचा अंमल दाखवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. समोरच्या जखमीला भरपाई मिळाली, तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्यासाठी कंपनी मागे लागू शकते. कुटुंबाची बचत संपते ती इथे.

म्हणून वकील कधी गाठायचा, याचं माझं उत्तर ठाम आहे: न्यायालयात ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याच्या आधी. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावर. ‘मी प्यायलोच नव्हतो, यंत्र चुकीचं होतं’ हे अपिलात मांडायची वाट तिथे बंद होते. पुढे नोकरीच्या अर्जात दोषसिद्धीबद्दल विचारलं, तर खरं लिहावं लागतं. कबुली देऊच नये, असं मी म्हणत नाही. चूक झाली असेल आणि पुरावा स्वच्छ असेल, तर कबुली हा प्रामाणिक रस्ता आहे. फक्त परिणाम समजून घेऊन ती द्या.

कागद पाहिल्यावर वकील काय तपासतो, तेही माहीत असावं. श्वासचाचणीच्या पावतीवर आकडा, वेळ आणि यंत्राचा क्रमांक आहे का, यंत्राची अचूकता वेळच्या वेळी तपासली होती का, चाचणी घेणारे पोलिस गणवेशात होते का. कलम २०२ खाली अटक झाली असेल, तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. नाही झाली, तर सोडावं लागतं. पावतीची प्रत, लायसन जप्त केल्याची पोच आणि गाडी ताब्यात घेतल्याचा कागद त्याच रात्री जपून ठेवा.

चाचणीला नकार देण्याचा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नका. नकारावरून अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसेल, तर तोच नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. हुज्जत घालू नका, पोलिसांच्या अंगावर तर अजिबात जाऊ नका. सरकारी कामात अडथळ्याचं नवं कलम लागतं आणि मग साध्या वाटणाऱ्या खटल्याचं रूप बदलतं. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. अटकेचं कारण विचारणं, घरच्यांना कळवणं आणि वकिलाशी बोलणं हा तुमचा हक्क आहे. तो शांतपणे मागा.

वकिलाची फी सरकारने ठरवलेली नसते. कुणी संपूर्ण खटल्याचा एक आकडा सांगतं, कुणी तारखेप्रमाणे पैसे घेतं. खटला रेंगाळला की दुसरा प्रकार जड जातो. त्यामुळे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा: या रकमेत जामीन, गाडी सोडवण्याचा अर्ज आणि साक्षीपुरावा धरला आहे का? अपिलाची फी वेगळी का? उत्तर लेखी घ्या, पावती मागा. ‘निकाल लागला तरच पैसे’ असा करार वकिलांना नियमानेच मना आहे, म्हणून तसं आमिष दाखवणाऱ्यापासून दूर राहा. न्यायालयाच्या आवारात ‘साहेबांना सांगून मिटवतो’ म्हणणारा दलाल भेटला, तर लक्षात ठेवा की लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो. लाचेची मागणी झाली, तर १०६४ वर तक्रार करा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी.

अपघातात कुणी जखमी झालं किंवा गेलं, तर वकिलासाठी सकाळची वाट पाहू नका. मृत्यूच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत आणि सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागलं तर दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहून कडक शिक्षा होऊ शकते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. खालच्या न्यायालयाने चालकाला निष्काळजीपणाबद्दल सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन असेल, तर पालक किंवा गाडीमालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

पण त्या क्षणी पहिला फोन वकिलाला नको. तो १०८ ला करा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारी आहे. तिथून पळू नका.