मोशेचे ओझे आणि सरकारी दवाखान्यातील सेवक

शास्त्रपाठ : गणना ११:१०-१७, रोम १३:१-७, इब्री ३:१-६



आपल्या मंडळीतील एखादी कन्या नर्स झाली, तर आपण उपासनेत तिच्यासाठी उपकारस्तुती करतो. एखादा तरुण ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी निघाला, तर त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला निरोप देतो. परंतु मनोरुग्णांशी संवाद साधून त्यांच्यावर उपचार करण्याचे शिक्षण घेऊन कोणी जिल्हा रुग्णालयात नोकरीस लागले, तर मंडळीत त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अशाच एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "पाळकसाहेब म्हणतात की, तिला तेथे प्रभूचे नाव घेता येत नाही. मग तिच्या नोकरीला सेवा कसे म्हणावे?" त्या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधू या.

१. 'थेरपिस्ट' या शब्दाचे मूळ

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माणसाला शब्दाच्या मुळाशी जाण्याची सवय जडते. 'थेरपी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दकुळातून आला, त्या कुळातील क्रियापद शुभवर्तमानांत पुन्हा पुन्हा येते. प्रभू येशूने रोग्यांना बरे केले, असे जेथे आपण वाचतो, तेथे पुष्कळदा मुळात 'थेरापेऊओ' हे क्रियापद असते. त्याचा अर्थ बरे करणे असा आहे, तसाच सेवा करणे, शुश्रूषा करणे असाही आहे. याच कुळातील 'थेरापोन' हे नाम नव्या करारात एकदाच, इब्री ३:५ मध्ये, येते आणि ते मोशेला लावलेले आहे. देवाच्या घरात विश्वासू असलेला सेवक, असे लेखक त्याचे वर्णन करतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात गणना १२:७ येथे देव स्वतः मोशेला याच शब्दाने संबोधतो.

दुसरा शब्द रोम १३:६ मध्ये आहे. तेथे पौल कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी बोलत आहे. रोमी राज्याच्या त्या चाकरांना तो देवाचे 'लेइतुर्गोई' म्हणतो. उपासनाविधीसाठी मंडळीने पुढे स्वीकारलेली संज्ञा याच शब्दापासून आली आहे. तिचा जुना अर्थ लोकांसाठी केलेले सार्वजनिक कार्य असा होता. हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले म्हणजे त्या वडिलांचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. शासकीय सेवेतील थेरपिस्ट हा शुश्रूषा करणारा आहे आणि लोकांचे कार्य करणारा चाकरही आहे. त्याचा पगार शासन देते, म्हणून त्याची सेवा देवाच्या दृष्टीबाहेर पडत नाही.

२. हे काम कोठे आणि कसे चालते

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. मानसिक उपचार मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयांपुरते न राहता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचावेत, हा त्यामागील विचार होता. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात ही पद्धत चालवून पाहिली आणि तिच्या आधारे १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ निदान करून औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात व संवादाद्वारे उपचार करतात. सामाजिक कार्यकर्ते कुटुंबाशी बोलतात, रुग्णाने औषध सोडू नये म्हणून पाठपुरावा करतात आणि तो पुन्हा कामधंद्याला लागावा म्हणून खटपट करतात. परिचारिकाही या पथकात असतात.

काम किती आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून कळते. देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ज्याला खासगी उपचारांचे शुल्क परवडत नाही, तो शेवटी सरकारी दवाखान्याच्या बाकावरच येऊन बसतो. तेथे त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी असेल का, हा त्याच्यापुरता जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

३. या सेवेच्या दोन मर्यादा

पहिली मर्यादा मुखाची आहे. सरकारी दवाखान्यात सर्व धर्मांचे व कोणताही धर्म न मानणारे लोक येतात. मन मोडलेला माणूस समोरच्याला सहज नकार देऊ शकत नाही; त्याच्या त्या दुबळेपणाचा लाभ घेऊन त्याला आपल्या श्रद्धेकडे ओढणे हे प्रीतीचे कृत्य नव्हे. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, उतारशाळेचा खर्च दिला. त्या जखमी मनुष्याला त्याने आपल्या उपासनास्थानाविषयी काही सांगितले, असे लूक लिहीत नाही. तरीही प्रभूने उदाहरण म्हणून त्यालाच आपल्यापुढे ठेवले.

दुसरी मर्यादा गुपिताची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला व २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ नुसार रुग्णाच्या आजाराविषयी व उपचाराविषयी गुप्तता पाळली जाणे हा त्याचा हक्क आहे. कोणाच्या जिवास धोका असणे, यांसारखे अपवाद कायद्याने सांगितले आहेत. येथे आपण मंडळीनेही स्वतःची परीक्षा करावी. "अमक्या भगिनीच्या मुलासाठी प्रार्थना करा, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे," असे आपण किती सहज म्हणतो! प्रार्थनेच्या विनंतीमागे लपलेली चहाडी ही चहाडीच असते.

४. थेरापोन थकतो तेव्हा

आता गणना ११ कडे वळू या. लोक आपापल्या तंबूंच्या दारांशी रडत आहेत आणि ते रडणे मोशेच्या कानी पडत आहे. तो देवाला विचारतो की, या सर्व लोकांना मी जन्म दिला काय, की दाईने तान्ह्या बाळाला घ्यावे तसे मी यांना उराशी घेऊन चालावे? हा भार मला एकट्याला वाहवत नाही. असेच चालायचे असेल तर मला मारूनच टाक.

वाचकहो, ज्याला शास्त्र विश्वासू 'थेरापोन' म्हणते, त्याच्याच तोंडी हे शब्द आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे रडणे ऐकणाऱ्याचे मन कोठवर जाऊ शकते, हे पवित्र शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. बाहेर रांग लांबत असते, एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात, लांबच्या गावाहून आलेला रुग्ण पुढील तारखेला परत येईल की नाही हे ठाऊक नसते. अशा सेवकाला संध्याकाळी घरी आल्यावर बोलावेसे वाटत नाही, यात नवल ते काय?

देवाने मोशेला अल्पविश्वासी म्हटले नाही. त्याने सत्तर वडील जन निवडण्यास सांगितले, म्हणजे भार मोशेला एकट्याला वाहावा लागणार नाही. थकलेल्या सेवकाला देवाने दिलेले उत्तर म्हणजे भार वाटून घेणारी माणसे होय.

५. आपण भार वाढवतो की वाटून घेतो?

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुणाला भास होऊ लागले. सरकारी दवाखान्यातील औषधांनी तो सावरत होता. एका प्रार्थनासभेत कोणीतरी त्याला सांगितले की, औषध घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. मी तेथे बसलो होतो. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त व रोगी यांचा उल्लेख निरनिराळ्या शब्दांनी केला आहे, हे मी जाणत होतो. तरी मी गप्प राहिलो. त्याने औषध सोडले. दोन महिन्यांनी त्याला बांधून आणावे लागले. त्यानंतर त्या दवाखान्यातील सामाजिक कार्यकर्ती, जी आपल्या विश्वासाची नव्हती, वारंवार त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईजवळ बसत असे. आज तो औषध घेतो आणि काम करतो. त्याच्या आईने मला कधीच दोष दिला नाही. परंतु माझ्या गप्प राहण्याने त्या कार्यकर्तीचा भार वाढला होता, हे मी विसरू शकत नाही.

२००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे, श्रद्धेच्या बळावर रोगी बरे होतील या आशेने नातेवाइकांनी ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्यू पावले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. आज २०१७ च्या कायद्याचे कलम ९५ मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करते. श्रद्धा व औषध यांना एकमेकांचे वैरी ठरवल्यास त्याची किंमत दुबळ्यालाच मोजावी लागते.

तर मग मंडळीने सत्तर वडील जनांचे काम करावे. रुग्णाला दवाखान्यात सोबत करावी, पुढील तारखेची आठवण द्यावी, औषध चालू ठेवण्यास धीर द्यावा. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा. २०२२ साली सुरू झालेल्या या सेवेत मनाने त्रस्त मनुष्याला दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळतो. आणि जे आपले पुत्र व कन्या ही सेवा करतात, त्यांना रुग्णांची नावे न विचारता, "आज तुला स्वतःला कसे वाटते?" एवढे तरी विचारावे.

त्या वडिलांना मी मोशेचा हा पाठ वाचून दाखवला. ते काही वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, "ती दमून येते आणि मी तिला उपासनेला का येत नाहीस म्हणून रागावतो." पुढल्या रविवारी त्यांनी तिच्यासाठी उपकारस्तुती करण्याची विनंती पाळकांना केली.

मननासाठी प्रश्न

१. मोशेच्या विनंतीला देवाने दिलेले उत्तर आपल्याला काय शिकवते?
२. आपल्या प्रार्थनासभेत कोणाचे गुपित उघड झाले आहे काय? त्याची भरपाई कशी करता येईल?
३. आपल्या मंडळीत कोणाचा भार एकट्यावर पडला आहे? या आठवड्यात आपण त्यातील कोणता भाग उचलाल?