धरून दूर सोडणें ही दया आहे काय ?

विद्यार्थिमित्रहो, उत्तर अमेरिकेंत रॅकून नांवाचा एक निशाचर प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांभोंवतीं काळा पट्टा व शेपटीवर वलयें असून पुढचे पंजे हातांसारखे चपळ असतात. कॅनडांतील टोरांटो शहरांत तो रात्रीं कचऱ्याच्या पेट्या उपसतो. मादी तर घरांच्या माळ्यावरच विते. त्रासलेला गृहस्थ म्हणतो, "मारावयास नको, पिंजऱ्यांत धरून दूर रानांत सोडूं." वरवर पाहतां ही दयाच वाटते, पण तिचा परिणाम पाहा.

वसंत ऋतूंत सांपडलेली मादी पुष्कळदां लेंकुरवाळी असते. ती दूर नेली कीं माळ्यावरचीं पिलें उपाशीं मरतात. परक्या रानांत तिला स्वतःला अन्न व आसरा कोठें आहे तें ठाऊक नसतें. शिवाय प्राण्याबरोबर रोगही प्रवास करतो. १९७७ सालीं रॅकूनांतील रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, पश्चिम व्हर्जिनियांत प्रकटला व पुढें पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशांत पसरला. शिकारीसाठीं फ्लॉरिडाकडून आणलेल्या रॅकूनांमुळें तो तेथें आला, असें शास्त्रज्ञ मानतात. टोरांटो ज्या ऑन्टॅरिओ प्रांतांत आहे, तेथें धरलेला प्राणी एक किलोमीटरच्या आंतच सोडावा, असा नियम आहे.

मग उपाय कोणता ? कचरा नीट झांकावा. पिलें मोठीं होऊन आईसह निघून गेलीं म्हणजे माळ्याचें भोंक जाळीनें बुजवावें. टोरांटो नगरपालिकेनें २०१६ पासून कडीच्या पेट्या वांटल्या, त्या याच हेतूनें.

बालमित्रांनो, उपद्रव दृष्टीआड झाला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें समजूं नका. सोडलेल्या जीवाचें पुढें काय झालें, हें विचारील तोच खरा दयाळू.